मॉडर्नच्या नावाखाली १८,९५० रुपयांची बनावट कार्डं

सांगली-मिरजेत मॅजिक या पत्त्यांच्या खेळाची सुटी कार्डं हातात घेऊन पारखता येतील असं दुकान माझ्या माहितीत नाही. घ्यायची तर ऑनलाइनच, आणि नेमकं याच अडचणीवर बनावट कार्डं विकणारे जगतात. स्कॅल्डिंग टार्न नावाची कार्डं चार, दर २,६०० रुपये. मिस्टी रेनफॉरेस्ट चार, दर २,१००. कुरिअर १५०. यूपीआयनं १८,९५० रुपये गेले आणि विश्रामबागेत पार्सल आलं ते आठच्या आठ बनावट!

मॉडर्न हा मॅजिक खेळायचा एक प्रकार, कुठल्या संचांतली कार्डं चालतील ते त्यात ठरलेलं असतं. विक्रेत्याचं पालुपद एकच: "मॉडर्नला रोटेशन नाही, पैसे कुठं जात नाहीत." हे अर्धंच खरं. स्टँडर्ड या दुसऱ्या प्रकारात जुने संच बाद होत जातात, हेच रोटेशन; मॉडर्नमध्ये २००३ च्या एट्थ एडिशनपासूनचे चालतात. पण एखाद्या कार्डावर बंदी कधीही येते. द वन रिंग हे कार्ड डिसेंबर २०२४ मध्ये अशीच गेली. टार्न, रेनफॉरेस्टसारखी फेच लँड कार्डं मात्र डेक (खेळायचा कार्डांचा गठ्ठा) बदलला तरी लागतात, तेही चार-चार, म्हणून नकली छापणाऱ्यांचा डोळा त्यांच्यावर आधी.

संताप येतो तो पुढच्या गोष्टीचा. कार्डं २००९ च्या झेंडिकार छपाईची म्हणून विकली, आणि खाली मधोमध लंबगोल होलोग्राम! तो शिक्का २०१४ च्या मॅजिक २०१५ संचापासून, रेअर आणि मिथिक, म्हणजे दुर्मीळ नि अतिदुर्मीळ कार्डांवर आला. २००९ च्या कार्डावर तो येईल कुठून? फोटोत कळायला हवं होतं, पण दुहेरी स्लीव्हचा (कार्डाच्या प्लॅस्टिक पाकिटाचा) चमकारा बरोबर त्याच जागेवर पाडला होता. असा फोटो पाठवणारा नवखा नसतो. स्लीव्हशिवाय, पुढून-मागून फोटो मागा; "कार्ड खराब होईल" म्हणाला की व्यवहार तिथंच तोडा.

पार्सल उघडताना सलग व्हिडिओ घ्या. मग ३० पट किंवा त्याहून मोठं भिंग लावून मागचा हिरवा ठिपका बघा: अस्सल कार्डात त्यात चार लाल ठिपके इंग्रजी एल अक्षरासारखे दिसतात. पुढच्या बाजूला नावाची काळी अक्षरं भरीव हवीत. ती रंगीत ठिपक्यांची बनलेली दिसली तर कार्ड नकली. वाकवून बघायच्या भानगडीत पडू नका, अस्सल कार्डाचीच वाट लागते.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला. पोलीस ठाण्यात मात्र पहिला प्रश्न, "पत्ते? म्हणजे जुगार का?" दुसरा, "कागदाच्या तुकड्याला २,६०० रुपये कोण देतं?" अहो, रक्कम खरी, खातं खरं, व्यवहार क्रमांक समोर; वस्तू कागदाची की सोन्याची याचा फसवणुकीशी काय संबंध? बँकेनं हात झटकले: पिन तुम्हीच टाकलात. म्हणजे खोटा माल विकणारा मोकळा आणि चौकशी आमची. पैसे गेल्या गेल्या १९३० लावा, खात्यातली रक्कम गोठवायला वेळ फार थोडा असतो.

स्पर्धेत बनावट कार्ड चालत नाही, जाणूनबुजून वापरलं तर जज थेट बाद करतो. पुढं कुणाच्या गळ्यात मारू नका. लिफाफ्यासकट ठेवा, पंचनाम्याला लागतील.