बाळ्याने वाटी चाटूनपुसून खाल्ली, तिथेच कळायला हवं होतं

१०,७०० रुपये. कुत्र्याचं खाणं विकणाऱ्या एका भामट्याला मी एवढे दिले. आकडा आधीच सांगून टाकते, मागाहून कुजबूज नको. आणि हो, मी ३१ वर्षं बँकेत काढली आहेत. हसा.

आमचा बाळ्या बारा वर्षांचा, गावठी, १८ किलोचा. मार्चमध्ये रक्तातलं क्रिएटिनिन २.६ आलं; किडनी थकली की हा आकडा चढतो. डॉक्टरांनी किडनीवाल्या कुत्र्यांचं खास खाणं लिहून दिलं, फॉस्फरस कमी, प्रथिनं बेताची. हाडं, कलेजी, चीज बंद. नौपाड्यातल्या दुकानात दोन किलोची पिशवी तेवीसशेला, पुरते जेमतेम आठ दिवस. पेन्शनीत हे बसवून दाखवा, मग मला नावं ठेवा.

सोसायटीतल्या एकीने व्हॉट्सअ‍ॅपवर एका विक्रेत्याचा नंबर दिला. म्हणे क्लिनिकचा उरलेला स्टॉक. पहिली पिशवी १,४५० ला, अस्सल. गळाला आमिष खरंच लावतात, हे मला ठाऊक होतं, तरी पुढच्या सहा पिशव्यांचे ८,४०० एकदम पाठवले. त्याने डॉक्टरांची चिठ्ठी मागितली नाही, बिल दिलं नाही, यूपीआयवर नाव तिसऱ्याच कुणाचं. चिठ्ठी न मागणाऱ्याकडून हे खाणं घेऊच नका.

आता जे झोपू देत नाही ते. बाळ्याला ते खाणं कधीच आवडलं नव्हतं. या आजारात मळमळतं, त्यात ते बेचव. पहिली पिशवी मी कोमट पाणी घालून, हातावर घेऊन, विनवण्या करून संपवली. आणि नव्या पिशवीतलं घातलं त्याच संध्याकाळी वाटी लख्ख! दाणे जरा मोठे, लालसर, घरभर मटणाचा वास. मी काय करावं? व्हिडिओ काढून पुण्याला मुलीला पाठवला, "बघ, बाळ्या सुधारला." पिशवीचं तोंड इस्त्री फिरवून चिकटवल्यासारखं वेडंवाकडं होतं. तेही दिसलं होतं. दिसलं होतं हो.

पाच आठवड्यांनी क्रिएटिनिन ४.१, फॉस्फरस ७.८. डॉक्टर म्हणाले, आजार आपणहूनही वाढतो, सगळा दोष खाण्याला देता येणार नाही. पण त्यांच्याकडचे दाणे शेजारी ठेवले तर आकारसुद्धा जुळेना.

त्या विक्रेत्याला फोन केला. "बॅच चुकली मॅडम, बदलून देतो, कुरिअरचे ८५० टाका." टाकले. यावर मी काही बोलणार नाही.

१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, विचारलं, ओटीपी दिला होता का? नाही. माल मिळाला? मिळाला. मग पोलीस स्टेशनला जा. तिथे हवालदार शेजारच्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "कुत्र्याच्या खाण्याची तक्रार?" सायबरला जा. सायबरवाले म्हणे, माल घरी आलाय, तुमच्या हद्दीतच द्या. दोन रिक्षा, चार तास, पायाला गोळे. अन्न व औषधवाले माणसांचं अन्न बघतात. १९१५ वर, ग्राहक हेल्पलाइनला, बिल आणि विक्रेत्याचा पत्ता मागितला. अहो, पत्ता असता तर मीच गेले नसते का त्याच्या दारात? शेवटी पोलीस स्टेशनात अर्ज घेतला, पोच मागितली तर शिक्का सापडेना.

रिकाम्या पिशव्या भंगारवाल्याला अख्ख्या देऊ नका, कापून टाका. नकली माल भरणाऱ्यांना त्याच लागतात. बॅच नंबर छापलेला हवा, वर चिकटवलेला असेल तर परत करा.

सध्या दुकानातूनच आणतेय, सोबत फॉस्फरस कमी करायची गोळी. काल वाटी पुढे ठेवली, बाळ्याने हुंगली, तोंड फिरवलं आणि सोफ्याखाली जाऊन बसला. हे म्हणाले, "चला, पिशवी खरी आहे."