वेब अ‍ॅनालिस्ट करतो म्हणाले आणि 92,459 रुपये घेऊन गेले

आकडा आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे हात आखडणार नाही. 92,459 रुपये. त्यात कोर्सची फी 84,960, नोंदणीचे 2,500 आणि नोकरीच्या ‘बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन’चे 4,999. हे शेवटचे 4,999 आठवले की आजही अंगाची आग होते, कारण तोवर मनात पाल चुकचुकली होती आणि तरी मी ते भरले.

मी इंदूरची. बी.कॉम. झाल्यावर सात वर्षं सियागंजातल्या एका पेढीत हिशेब बघितले, मुलगा झाल्यावर काम सोडलं. घरून करता येईल असं काही शोधत होते. वेब अ‍ॅनालिस्टचं काम मला नीट समजून आवडलं होतं. दुकानात गिऱ्हाईक येतं, चार वस्तू हाताळतं आणि न घेता निघून जातं. वेबसाइटवर ते नेमकं कुठून परत फिरलं, हे आकड्यांवरून शोधायचं. हिशेबाची सवय असलेल्याला हे जमतं, असं मी आजही म्हणेन. तेव्हा ‘लोभाला बळी पडली’ असं कृपा करून कोणी म्हणू नका. नातेवाइकांकडून ते पुरेसं ऐकून झालंय.

फुकट डेमो क्लास, ‘दोनच सीट उरल्यात’, शंभर टक्के प्लेसमेंट, हे सगळं तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं. मी विरघळले ती वेगळ्याच गोष्टीने. विजय नगरच्या त्या कोर्सवाल्यांच्या ऑफिसात फी सांगणारा मुलगा मराठी निघाला. आडनाव ऐकताच म्हणाला, “ताई, तुम्ही रामबागेतल्या का?” मी म्हटलं, लोकमान्य नगर. मग त्याची आत्या तिथेच राहते, गणपतीत तो येतो, वगैरे. इंदुरात दिवसभर हिंदी बोलून घरी परतणाऱ्या माणसाला बाहेर कोणी ‘ताई’ म्हटलं की काय होतं, ते इथे राहणाऱ्यांनाच कळेल. सासूबाईंनी भिशीतले 2,500 त्याच संध्याकाळी काढून दिले. ‘आपल्यातलाच आहे,’ म्हणाल्या.

शनिवारी यांना घेऊन गेले. दिवाळी नुकतीच झाली होती, नोव्हेंबर 2023. फी 72,000 आणि वर 18 टक्के जीएसटी 12,960. ‘बारा हप्त्यांत द्या, 7,080 महिना, व्याज शून्य.’ केवायसी करतो म्हणून त्याने यांचा मोबाइल हातात घेतला आणि ओटीपी स्वतःच वाचून टाकला. आम्ही समजत होतो, संस्थेला हप्त्याने फी देतोय. प्रत्यक्षात ते यांच्या नावावर एका कर्ज कंपनीचं कर्ज होतं, आणि सगळी रक्कम त्याच आठवड्यात संस्थेच्या खात्यात गेली. आलेली पीडीएफ अकरा पानांची होती, आम्ही उघडलीसुद्धा नाही. अशा डिजिटल कर्जातून मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च भरून, दंड न लागता बाहेर पडायची मुदत रिझर्व्ह बँकेच्या नियमाने असते. ती त्यातच लिहिलेली होती. मोबाइल कोणाच्या हातात देऊ नका. बाकी काही विसरलात तरी चालेल, हे नको.

आता जे लिहायला सगळ्यात जड जातं ते.

8 जानेवारी 2024, सोमवार. सर पडद्यावर एका क्लायंटच्या साइटचा रिपोर्ट दाखवत होते. वर उजव्या कोपऱ्यात तारखा होत्या, 1 जानेवारी ते 31 डिसेंबर 2023. निळी रेष वरखाली होत जून संपेपर्यंत आली, आणि जुलैच्या सुरुवातीला सरळ तळाशी जाऊन पडली. तिथून डिसेंबरपर्यंत सपाट. मी हात वर करून विचारलं, “सर, जुलाई के बाद ज़ीरो क्यों है?” ते म्हणाले, “क्लायंट ने साइट बंद कर दी,” आणि पुढची स्लाइड लावली. माझ्या वहीत त्या दिवसाच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेलं आहे: ‘जुलैनंतर शून्य? विचारायचे.’ खाली दोन रेघा ओढलेल्या. ते पान मी किती वेळा उघडून बघितलं असेल, त्याची गणती नाही.

साइट बंद नव्हती. बंद झालं होतं ते शिकवलं जाणारं साधनच. गूगलचं, वेबसाइटवर कोण आलं-गेलं ते मोजणारं जुनं युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्स 1 जुलै 2023 पासून नवी माहिती घेत नव्हतं, आणि ते होणार हे गूगलने मार्च 2022 मध्येच जाहीर केलं होतं. त्याच्या जागी जीए4, म्हणजे गूगल अ‍ॅनालिटिक्स 4 आलं, त्याची मांडणीच वेगळी. जुन्यात व्ह्यू, म्हणजे एकाच साइटच्या माहितीचे वेगवेगळे कप्पे असायचे, आणि एका व्ह्यूमध्ये वीसपर्यंत ‘गोल’, म्हणजे गिऱ्हाइकाने करावीत अशी ठरवलेली कामं. जीए4 मध्ये व्ह्यू नाहीतच, जे घडेल तो इव्हेंट. आम्हाला चार महिने मेलेलं साधन शिकवत होते. साधी खूण होती: जुन्याचा आयडी ‘यूए’ने सुरू व्हायचा, नव्याचा ‘जी’ने. पडद्यावर रोज ‘यूए’ दिसत होतं. मोबाइल माझ्या पर्समध्ये होता. पाच मिनिटं शोधलं असतं तर तिथेच कळलं असतं. नाही शोधलं. पैसे भरलेले असले की माणूस शंका विचारतो, पण उत्तर तपासायची त्याला भीती वाटते. मला वाटत होती.

मार्चअखेर ‘ऑफर लेटर’ आलं, वर्षाला 4,20,000. मेल साध्या जीमेलवरून. व्हेरिफिकेशनचे 4,999 परत मिळणार, असं त्यात लिहिलं होतं. भरले. नोकरीसाठी कंपनीला पैसे द्यायचे नसतात, हे मी माझ्या भावाला स्वतः सांगितलेलं आहे.

जॉइनिंगची तारीख पुढे पुढे जाऊ लागली, म्हणून एप्रिलमध्ये मी आपणहून एका ठिकाणी मुलाखत दिली. बाईंनी विचारलं, खरेदीच्या इव्हेंटबरोबर कोणकोणती माहिती पाठवाल? व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, चलन, वस्तूंची यादी, एवढंच उत्तर होतं. मी गोल आणि व्ह्यू सांगत बसले. त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि शांतपणे जीए4 दाखवलं. तोवर मी ते कधी पाहिलंच नव्हतं. खाली रिक्षात बसल्यावर रडू आवरेना.

मे महिन्यात ऑफिसला कुलूप. पावतीवरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला, तर नोंदणी रद्द. म्हणजे 12,960 कुठे गेले ते देवाला ठाऊक. हा नंबर पैसे देण्याआधी टाकून बघा, एक मिनिट लागतं. मध्य प्रदेशाचा 23 ने सुरू होतो.

मग पोलीस. पहिल्या दिवशी टीआय साहेब, म्हणजे ठाण्याचे प्रमुख, नव्हते. दुसऱ्या दिवशी होते, ते म्हणाले, “मैडम, पढ़ाया तो है ना? ये सिविल मैटर है।” चौथ्या फेरीला आवेदन घेतलं, पण पोच दिली नाही. सायबरवाल्यांकडे पाठवलं. तिथे ऐकवलं, ओटीपी तुमच्याच समोर टाकला, सही तुमची, यात सायबर काय आहे, ठाण्यात जा. ठाण्यात म्हणाले, सायबरला जा. मुलाला शेजारी ठेवून मी हे सहा आठवडे केलं. एका सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली, ती अठराव्या दिवशी बंद झाली. शेरा होता ‘आवेदक संतुष्ट’. मला एकही फोन आला नव्हता! कोण संतुष्ट झालं? कोणाला विचारून? परत उघडायला गेले तर मुदत संपलेली. कर्ज कंपनीचं एकच पालुपद: आमचा करार तुमच्या मिस्टरांशी आहे, संस्थेशी नाही. एक हप्ता थांबवला तर वसुलीवाल्यांनी यांच्या ऑफिसात फोन केले. घराच्या कर्जाची फाइल बँकेत होती, सिबिल बिघडू द्यायचं नव्हतं. नोव्हेंबर 2024 पर्यंत बाराही हप्ते आम्ही भरले.

एवढ्या टेबलांवर जाऊन जे कोणी सांगितलं नाही ते सांगते. कर्ज कंपनीला लेखी तक्रार करा, तीस दिवसांत निकाल लागला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. ग्राहक हेल्पलाइन 1915. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, पण दोन वर्षांच्या आत जायला हवं. मी गेले आहे. आणि हे काम शिकायचंच असेल तर गूगलच्या स्किलशॉपवर अभ्यास, परीक्षा, प्रमाणपत्र सगळं फुकट आहे, सरावाला डेमो खातंही देतात. मी नंतर तिथेच शिकले, रात्री मुलगा झोपल्यावर.

आमच्या संध्याकाळच्या बॅचमध्ये बावीस जण होतो. तक्रारीवर सही करायला तिघं आली. बाकीच्यांनी घरी सांगितलेलं नाही, हे मला माहीत आहे. मीही दीड महिना माहेरी सांगितलं नव्हतं. तुमच्यापैकी कोणी हे वाचत असेल तर ती पिवळी पावती आणि ‘ऑफर लेटर’चा मेल जपून ठेवा, आणि मला फोन करा. माझा नंबर तोच आहे.