हॉटेलातली मैफल की घरचा क्लास?

फोंड्यातल्या तबलजीपुढे दोन वाटा असतात. ऑक्टोबर ते मार्च किनाऱ्यावरच्या हॉटेलांत वाजवायचं, नाहीतर घरीच क्लास घ्यायचा. हॉटेलात एका रात्रीचं मानधन चांगलं. पण पाऊस लागला की फोन गप्प. आणि डिसेंबरचे पैसे मी एकदा शिमग्याला वसूल केलेत! निम्मे आगाऊ मिळाल्याशिवाय तबला गाडीत ठेवू नये.

क्लासची फी किरकोळ, पण ती जुलैतही येते. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत 7 परीक्षा, म्हणजे टिकलेला विद्यार्थी वर्षानुवर्षं तुमचाच. शिवाय श्रावणातल्या भजनाला साथीदार हवा असला की लोक आधी मास्तरांकडेच येतात. मी क्लास धरला. हॉटेल फक्त शनिवारी, तेही डिसेंबरात.