ठेकेदाराला पूर्ण ६८,४०० डॉलर दिले, तरी घरावर लिएन लागला

बे एरियातल्या आमच्या घराचं स्वयंपाकघर आणि एक बाथरूम नवं करून घेतलं. करार ६८,४०० डॉलरचा. ठरल्याप्रमाणे सगळे पैसे वेळेवर दिले, तेही चेकने. काम संपून ठेकेदार गेला आणि मग कॅबिनेट पुरवणाऱ्या दुकानाने १४,८६० डॉलरचा आणि प्लंबरने ६,२७५ डॉलरचा मेकॅनिक्स लिएन, म्हणजे थकलेल्या बिलापोटीचा कायदेशीर बोजा, आमच्या घरावर नोंदवला. ठेकेदाराने त्या दोघांचे पैसे दिलेच नव्हते. कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे ही वसुली ज्या घरात माल लागला त्या घरावर येते. मालकाने ठेकेदाराला पै न् पै चुकती केली असली तरी.

ॲडव्हान्स घेऊन पळणारे, काम अर्धवट टाकणारे ठेकेदार आपण सगळ्यांनी पाहिलेत. आम्ही त्याच धोक्याची खबरदारी घेतली होती. लायसन्स तपासलं, चालू होतं. विमा होता. मंडळाच्या ग्रुपवर दोघांनी त्याचं नाव सुचवलं होतं. इथे ॲडव्हान्सला कायद्याने मर्यादा आहे, कराराच्या १० टक्के किंवा १,००० डॉलर, यातली जी रक्कम कमी ती. त्याने बरोबर १,००० मागितले. नियम इतका काटेकोर पाळणाऱ्या माणसावर संशय कोण घेईल? पुढे टप्पे पूर्ण होतील तसे २२,०००, २४,००० आणि शेवटी २१,४०० दिले. काम चांगलंच झालं, हे मुद्दाम सांगते. कॅबिनेटची दारं अजून आवाज न करता बंद होतात. काम पाहून हा माणूस लबाड आहे हे कुणालाही कळलं नसतं.

आता त्या पत्राबद्दल. आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो.

तोडफोड उरकून कॅबिनेट येऊन पडली होती, तेव्हा कॅबिनेटवाल्याकडून सर्टिफाइड डाकेने प्रिलिमिनरी नोटीस आली. ठेकेदार सोडून बाकी पुरवठादारांनी आणि उपठेकेदारांनी माल किंवा काम सुरू केल्यापासून २० दिवसांत ती पाठवायची असते. तीत मोठ्या अक्षरांत छापलं होतं की तुम्ही ठेकेदाराला पूर्ण पैसे दिले असले, तरी नोटीस पाठवणाऱ्याला ते मिळाले नाहीत तर तुमच्या मालमत्तेवर लिएन लागू शकतो. वाचून छातीत धस्स झालं. पण त्याच कागदावर खाली असंही होतं की ही नोटीस कायद्याने पाठवावीच लागते आणि ठेकेदाराच्या आर्थिक स्थितीबद्दल काही सुचवण्याचा तीत हेतू नाही. एका हाताने घाबरवायचं आणि दुसऱ्या हाताने पाठ थोपटायची! मी तो कागद ठेकेदारासमोर धरला. त्याने टेप खिशात टाकली, कागदावर नजर फिरवली आणि म्हणाला, "हे सगळ्यांनाच जातं, निव्वळ फॉर्मॅलिटी आहे." यात खोटं काहीच नव्हतं, सगळ्यांना जातंच. त्याच आठवड्यात मी त्याला २४,००० चा चेक दिला.

त्याच नोटिशीत मधल्या एका ओळीत उपाय दिला होता. ठेकेदाराला पैसे देण्याआधी, नोटीस पाठवणाऱ्याने सही केलेलं रिलीज, म्हणजे लिएनचा हक्क सोडल्याचा कागद, त्याच्याकडून मागा. ती ओळ ठळक छापून पहिल्या पानावर टाकायला सरकारचं काय जात होतं? पुण्यात माझ्या माहेरी घराचं काम झालं तेव्हा ठेकेदाराला पैसे दिले की विषय संपायचा. फरशीवाल्याची उधारी राहिली तर तो ठेकेदाराशी भांडायचा, आमच्या दारात यायचा नाही. आयुष्यभर हेच पाहिलेल्या माणसाने त्या कायदेशीर मजकुरातून नेमकी तीच ओळ उचलावी, ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

रिलीजमध्येही मेख आहे. 'कंडिशनल' कागद चेक वटल्यावरच लागू होतो, 'अनकंडिशनल' सही झाल्या क्षणापासून. चेक वटला की हा दुसरा कागद मागाच. आणि सही पुरवठादाराची हवी, ठेकेदाराने स्वतःची सही करून दिलेला कागद पुरवठादाराला बांधत नाही.

मग सरकारी दारं ठोठावली. पोलिसांनी ऐकून घेतलं आणि "हा दिवाणी मामला आहे" म्हणून हात वर केले. याच राज्याच्या दंडसंहितेत कलम ४८४ब आहे. बांधकामासाठी घेतलेले पैसे मजुरी-मालाला न देता जाणूनबुजून दुसरीकडे वळवणं हा त्यात गुन्हा आहे. मी कलमाचा छापील कागद पुढे केला, तो कुणी हातातही घेतला नाही. लायसन्सवाल्या खात्याने तक्रार नोंदवून घेतली आणि कळवलं की आम्ही लायसन्सवर कारवाई करू शकतो, तुमच्या घरावरचा लिएन काढू शकत नाही. त्याच्या लायसन्सचं काय व्हायचं ते होवो, माझ्या घराचं काय? ठेकेदाराचा बॉन्ड, म्हणजे त्याने बुडवलेल्यांसाठी ठेवलेली हमी, असतो म्हणे. असतो, २०२३ पासून २५,००० डॉलरचा, पण तो त्याने बुडवलेल्या सगळ्यांत मिळून. आमच्या आधी रांगेत बरेच आहेत. नोंदणी कचेरीतल्या बाईंनी शांतपणे सांगितलं की लिएन खरा की खोटा हे आम्ही बघत नाही, कागद रीतसर असला आणि फी भरली की नोंदवतो. म्हणजे नोंदवायला फी पुरते आणि काढायला कोर्ट लागतं. तोवर बँकेने घरावरचं कर्ज रोखून धरलं, मुलाच्या कॉलेजची फी त्यातून जायची होती.

शेवटी वकील केला. प्लंबरने आम्हाला कधी नोटीसच पाठवली नव्हती आणि तिच्याशिवाय उपठेकेदाराचा लिएन टिकत नाही. एका पत्रात त्याने तो मागे घेतला. तेव्हा आलेली पाकिटं तारखेसकट जपून ठेवा, आणि न आलेलीही लक्षात ठेवा. लिएन नोंदवल्यापासून ९० दिवसांत दावा लावला नाही तर तो बजावता येत नाही, म्हणून घाबरून लगेच पैसे टाकू नका. आमचा कॅबिनेटवाला पक्का होता, मुदतीत कोर्टात गेला. १३,५०० वर तडजोड झाली. वकिलाचे ३,१५० धरून वरचे १६,६५० डॉलर गेले.

राबणाऱ्याचे पैसे बुडू नयेत हे मला मान्य आहे. कॅलिफोर्नियात १८७९ पासून हा हक्क राज्यघटनेत आहे, तो तसाच राहू दे. पण दुकानदार ठेकेदाराला उधारी स्वतःच्या मर्जीने देतो, त्याची पत तपासायची साधनं त्याच्याकडे असतात, रोजचा धंदा आहे त्याचा. मी आयुष्यात एकदा स्वयंपाकघर करून घेते. मग बुडीत उधारी माझ्या माथी का? अमेरिकेतला पहिला असा कायदा मेरीलँडने १७९१ साली वॉशिंग्टन शहर उभारताना केला. त्याच मेरीलँडमध्ये आज स्वतःला राहण्यासाठीच्या एकल घरावर उपठेकेदाराचा लिएन, मालक ठेकेदाराला जेवढं देणं लागतो तेवढ्यापुरताच चालतो. पूर्ण दिले असतील तर शून्य. कॅलिफोर्नियाच्या कायदा सुधारणा आयोगाने या दुहेरी भरण्याचा अभ्यास करून २००१ साली छोट्या करारांपुरतं तरी घरमालकाला संरक्षण द्या असं सुचवलं होतं. विधिमंडळाने ते केलं नाही.

मोठं बिल असेल तर ठेकेदार आणि पुरवठादार अशा दोघांच्या नावे जॉइंट चेक द्या. आढेवेढे घेतले तर तिथेच थांबा. काम संपल्यावर नोटीस ऑफ कम्प्लीशन, म्हणजे काम पूर्ण झाल्याची नोटीस, नोंदवा, उपठेकेदारांची आणि पुरवठादारांची लिएन नोंदवायची मुदत ९० वरून ३० दिवसांवर येते. आम्हाला हे कुणीही सांगितलं नाही.

पूर्ण पैसे दिलेल्या घरमालकाला लिएनपासून संरक्षण मिळावं, असं पत्र मी आमच्या असेंब्ली सदस्याला लिहिलं आहे. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी आपापल्या सदस्याला लिहा. मजकूर हवा असेल तर मागा, आकड्यांसकट पाठवते.