रिमोटवर ५.० आणि तलावात बंद बोट: ९,४०० रुपये गेले

आरसी म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या बोटींचं सामान ग्रुपवरच्या ओळखीवर मागवणाऱ्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या सगळ्यांनी हे वाचाच. थ्री-एस (ओळीने जोडलेले तीन सेल), ५००० एमएएच (साठवणक्षमता) असे लायपो म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरीचे दोन पॅक, प्रत्येकी ३,८०० प्रमाणे ७,६०० रुपये. रिमोटवर बॅटरी दाखवणारा टेलिमेट्री सेन्सर १,४५०. कुरियर ३५०. एकूण ९,४०० रुपये, यूपीआयने, आगाऊ. तुम्ही म्हणाल, आगाऊ का दिले? असं सुटं सामान आपल्याकडे हाताशी मिळत नाही, पुण्याकडे नाहीतर बेंगळूरुकडे बघावं लागतं आणि सगळीकडे आधी पैसेच मागतात. त्यात विकणाऱ्याने रिमोटच्या पडद्यावर १२.६ दिसतंय असा व्हिडिओ पाठवला होता. तो व्हिडिओ दुसऱ्याच सेटचा होता.

खरी चीड येते ती पुढच्या गोष्टीची. सेन्सर जोडला तर रिमोटवर ५.०. पॅक काठोकाठ भरलेला, तरी ५.०. थ्रॉटल पूर्ण दिला, तरी ५.०. थ्री-एस पॅक भरल्यावर १२.६ व्होल्ट दिसलेच पाहिजेत, प्रत्येक सेलचे ४.२. थ्रॉटल दिला की आकडा खाली झुकतो, सोडला की थोडा वर येतो. आकडा हलत नसेल तर तो बॅटरीचा नाहीच. ५.० हा ईएससीतल्या (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) बीईसीने, म्हणजे व्होल्टेज उतरवून देणाऱ्या भागाने, बोटीतल्या रिसीव्हरला दिलेला स्थिर पुरवठा. पॅक संपत आला तरी तो तेवढाच राहतो. मला हे माहीत होतं. तरी "सर, ५ म्हणजे फुल, सेन्सर सेट व्हायला वेळ घेतो" हे त्याचं उत्तर मी ऐकून घेतलं. बोट त्याच क्षणी पाण्याबाहेर काढायला हवी होती.

सरासरी २० अँपिअर ओढणाऱ्या बोटीला ५००० चा पॅक, ऐंशी टक्केच वापरला तरी, १२ मिनिटं पुरतो. बोट सहाव्या मिनिटाला तलावाच्या मध्यावर थांबली. ईएससीचा कटऑफ, म्हणजे मोटर बंद करायचा आकडा, ९.६ व्होल्टला लावलेला होता, पण ईएससी पूर्ण पॅकची बेरीज बघतो, एकेक सेल नाही. दोन सेल ३.६ वर आणि तिसरा २.४ वर, बेरीज ९.६ च. तो सेल तिथेच मेला, पॅक फुगला.

सेन्सरचं आवरण ब्लेडने कापलं. आत तीन वायरी एका कोऱ्या पट्टीला डकवलेल्या, चिप नाहीच. खऱ्या सेन्सरची एक बाजू पॅकच्या प्लस-मायनसला जाते आणि दुसरी रिसीव्हरच्या सेन्सर पोर्टला. पॅक सोलला तर दोन्ही बाजूंना थर्माकोलच्या पट्ट्या आणि मधे २२०० चा जुना स्टिकर. वजन फक्त २०५ ग्रॅम. खरा थ्री-एस ५००० पॅक ३५० ते ४०० ग्रॅम भरतो. पार्सल उघडलं की आधी काट्यावर ठेवा! मग बॅलन्स चार्जरवर (प्रत्येक सेल वेगळा बघणारा चार्जर) एकदा डिस्चार्ज करून एमएएच वाचा. दुसऱ्या पॅकचे २,१४० भरले.

तक्रारीचं ऐका. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला, पुढे काही नाही. पैसे गोठवायचे तर पहिल्या काही तासांत फोन करावा लागतो आणि मला कळलं आठव्या दिवशी, तोवर विकणाऱ्याने मला ब्लॉक केलं होतं. ठाण्यात म्हणाले, "माल मिळालाय ना? मग फसवणूक कसली?" बॅटरीच्या डब्यात दगड आला असता तरी माल मिळालाच म्हणायचं का? दुसऱ्या ठाण्यात अर्ज कन्नडमध्ये लिहून आणा म्हणाले. आणला, तर "नाळे बन्नी". तीन वेळा उद्या या. बँकेने सांगितलं, पिन तुम्हीच टाकलाय. प्रत्येक टेबलावर बॅटरी म्हणजे काय इथपासून समजावलं आणि प्रत्येकाने खेळण्यासाठी एवढे पैसे कशाला घातले हेच विचारलं. पैसे कशावर घालायचे ते मी ठरवीन, चोर पकडणं तुमचं काम आहे.

नवा सेन्सर आला की आधी मल्टिमीटरने पॅक मोजा आणि रिमोटचा आकडा ताडून बघा, ०.१ पेक्षा जास्त फरक असेल तर बोट पाण्यात सोडू नका. बॅलन्स प्लगवर (पॅकच्या सेलवार वायरींचा प्लग) लागणारा बझर जरूर लावा, प्रति सेल ३.५ वर, पण झाकण टेपने बंद असेल तर त्याचा आवाज काठावर येत नाही, म्हणून त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ विनाखंड काढा. माझ्याकडे तो नाही, आणि विकणाऱ्याने आधी तोच मागितला.

फुगलेला पॅक वाळूच्या डब्यात, घराबाहेर ठेवलाय. ग्राहक आयोगापुढे तो, थर्माकोल आणि तो २२०० चा स्टिकर मांडायचा आहे.