दुखत होती नडगी, मोडली मान

हाताने मणके ‘बसवून देणाऱ्या’ कायरोप्रॅक्टिक क्लिनिकच्या पावतीवर ‘उपचार’ हा शब्दच नाही. ‘वेलनेस मेंबरशिप, 24 सेशन्स, नॉन-रिफंडेबल’ एवढंच छापलंय. हे माझ्या लक्षात आलं तोवर 11 सिटिंग होऊन गेली होती. मी शाळेत गणित शिकवते, मुलांच्या वहीतली उणे-अधिकची चूक मला लांबून दिसते. स्वतःच्या पावतीवरचा शब्द मात्र दिसला नाही.

आमचा टेकडी ग्रुप आहे. पुण्यातल्या तळजाईवर रोज पहाटे सहा-सात जणी पळतो. मे महिन्यापर्यंत माझं आठवड्याचं पळणं जेमतेम 18 किलोमीटर होतं. मग साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला नाव घातलं. यवतेश्वरचा घाट चढायचाय म्हटल्यावर अंगात आलं आणि महिन्याभरात मी 40 किलोमीटरवर गेले. चूक माझी होती, ती आधीच कबूल करते. जूनच्या मध्याला डावी नडगी दुखायला लागली. आधी पळून झाल्यावर, मग पळताना, मग जिना उतरताना. घोट्याच्या वर चार-पाच बोटांवर, आतल्या बाजूला. एक ठिपका. बरोबर तिथेच.

त्याच सुमारास एका रविवारच्या रनमध्ये ‘मोफत स्पाइन चेकअप’चा तंबू लागला होता. टेबल, गुबगुबीत गादी, मागे मणक्याचा प्लास्टिकचा सांगाडा. काळ्या टी-शर्टमधला हसरा तरुण, नावाआधी ‘डॉ.’. मी म्हटलं, नडगी दुखते. तो म्हणाला, “मॅडम, नडगी फक्त ओरडतेय. आग लागलीय वर.” मला पालथं झोपवलं, बुटांसकट, दोन्ही टाचा हातात धरल्या आणि माझ्या मैत्रिणीला जवळ बोलावलं. “बघा, डावा पाय अर्धा इंच आखूड आहे.” तिने वाकून पाहिलं, आणि खरंच आखूड दिसत होता! मग त्याने कमरेवर एक दणका दिला, कडाड आवाज झाला, परत टाचा जुळवल्या. पाय सारखे. मैत्रिणीने टाळ्या वाजवायच्या बाकी ठेवल्या.

हा प्रकार काय असतो ते ऑगस्टमध्ये कळलं. माझी भाची फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला सांगितल्यावर ती म्हणाली, “मावशी, बूट घाल आणि झोप पालथी.” यजमानांना शेजारी उभं केलं. तिने माझ्या एका बुटाची टाच अंगठ्याने नकळत खाली ओढली, दुसऱ्या पायाचा घोटा किंचित वर दाबला. झाला पाय आखूड. मग ‘ॲडजस्टमेंट’ म्हणून पाठीवर एक चापट मारली, बूट परत टाचेला भिडवला. झाला बरा. यजमान म्हणाले, “परत कर.” तिने चारदा केलं. पाचव्यांदा मी स्वतः तिच्यावर करून पाहिलं, मलाही जमलं. पालथं झोपताना कंबर जराशी तिरकी पडली तरी पाय मागेपुढे दिसतात, ही आणखी एक सोय. लांबी मोजायचीच तर उताणं झोपवून, बूट काढून, कमरेच्या पुढच्या हाडापासून घोट्याच्या आतल्या हाडापर्यंत टेप लावतात. तंबूत टेप नव्हती.

तर तंबूच्या दुसऱ्याच दिवशी मी क्लिनिकमध्ये. एसी, मंद संगीत, भिंतीवर दाढीवाल्या डी. डी. पामर यांचा फोटो. त्यांनी 1895 साली अमेरिकेत, आयोवातल्या डेव्हनपोर्टला ही पद्धत सुरू केली. पहिला रुग्ण बहिरा होता आणि मणका सरकवल्यावर त्याला ऐकू यायला लागलं, अशी ती मूळ कथा. आमच्या ‘डॉ.’नी ती गणपतीच्या कथेसारखी भक्तिभावाने सांगितली. मग पूर्ण मणक्याचा एक्स-रे, त्याचे 1,800 वेगळे. स्क्रीनवर लाल रेघा ओढून झाल्यावर निदान आलं: तीन ठिकाणी ‘सबलक्सेशन’, म्हणजे मणके जागेवरून सरकलेत, नस दबलीय, म्हणून नडगी दुखतेय. एक्स-रे मणक्याचा काढला, नडगीचा नाही. ज्या जागेसाठी मी गेले होते तिला त्या माणसाने बोटही लावलं नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. पण त्या क्षणी मला ते फार शास्त्रीय वाटलं, हेही सांगते.

या सबलक्सेशनबद्दल नंतर वाचलं. ब्रिटनमध्ये कायरोप्रॅक्टरांची नोंदणी करणारी जी अधिकृत परिषद आहे, तिनेच 2010 मध्ये सांगून टाकलंय की ही ऐतिहासिक कल्पना आहे आणि त्यामुळे आजार होतात असं म्हणायला संशोधनाचा आधार नाही. म्हणजे त्यांच्याच घरातली माणसं हे म्हणतात, आणि आपल्याकडे त्यावर 24 सिटिंग विकली जातात.

किंमत सांगायची पद्धत मासलेवाईक. एक सिटिंग 2,000 चं, 24 चे 48,000. पण आज नाव नोंदवलं तर 36,000, आणि तेही बिनव्याजी ईएमआयवर, महिना 4,000. काउंटरवरच्या मुलीने माझा फोन मागून घेतला, आधार, पॅन, दोन ओटीपी, झालं. मी समजत होते की क्लिनिकला हप्त्याने पैसे देतेय. प्रत्यक्षात माझ्या नावावर एका फायनान्स कंपनीचं कर्ज झालं होतं आणि सगळी रक्कम क्लिनिकच्या खात्यात गेली होती. ज्यांना घाई आहे त्यांनी बाकीचं सोडून एवढं वाक्य वाचलं तरी चालेल.

आठवड्याला तीन सिटिंग. प्रत्येक वेळी तेच: पाठ, कंबर, मान. मान वळवण्याआधी एकदाही विचारलं नाही की चक्कर येते का, बीपी आहे का. मानेला असा झटका दिल्यावर क्वचित मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून फाटू शकते आणि अर्धांगवायू होतो. क्वचितच, पण होतो. माझ्या कॉलरला एक छोटा माइक लावायचे, आवाज रीलमध्ये नीट यावा म्हणून. तो कडाड आवाज म्हणजे हाड जागेवर बसणं नव्हे. सांध्यातला दाब एकदम कमी झाला की तिथल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज. बोटं मोडतो तेव्हाही तोच. त्याने थोडा वेळ मोकळं वाटतं, हे खरं, आणि मलाही वाटायचं. घरी येईपर्यंत.

बाहेरच्या बाकावर माझ्याबरोबर असायचे ते लोक आठवतात. एक कॉलेजचा मुलगा, फास्ट बोलर, कोपर दुखतंय. एक काका, बॅडमिंटनने खांदा धरलाय. एक बाई, सकाळी उठल्यावर टाच टेकवत नाही. आणि मी नडगीवाली. चौघांनाही तेच टेबल, तीच मान, तीच कंबर. मी एकदा त्या काकांना म्हटलं, “आपल्या सगळ्यांचे नेमके तेच मणके कसे सरकले हो?” ते हसले. त्यांचं पॅकेज 36 सिटिंगचं होतं.

आणि सगळ्यात वाईट गोष्ट. मी दर वेळी विचारायचे, पळू का? उत्तर ठरलेलं: “बिनधास्त. बॉडी अलाइन झालीय, आता उलट पळायलाच हवं.” मी पळत राहिले.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी दुधाची पिशवी घ्यायला खाली उतरताना पाय टेकवेना. अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी पहिलं वाक्य म्हटलं, “एका बोटाने दाखवा.” मी ठिपक्यावर बोट ठेवलं. त्यांनी तिथे अंगठा दाबला आणि मी ओरडले. मग म्हणाले, या पायावर एक उडी मारा. मारता आली नाही. तपासायला तीन मिनिटं लागली असतील. नडगी लांबलचक पट्ट्यात दुखली तर बहुधा शिन स्प्लिंट्स, म्हणजे हाडाच्या कडेची जळजळ, पण एकाच बिंदूत, हाडावर दुखली तर हाडाला बारीक चीर असल्याचा संशय घ्यायचा, असं त्यांनी समजावलं. साधा एक्स-रे सुरुवातीच्या आठवड्यांत कोरा येऊ शकतो, म्हणून एमआरआय. त्यात चीर स्पष्ट दिसली. स्ट्रेस फ्रॅक्चर. जूनमध्ये पळणं थांबवलं असतं तर कदाचित तिथवर गेलंच नसतं, असं ते म्हणाले. माझ्या चेहऱ्याकडे बघून पुढे काही बोलले नाहीत.

सहा आठवडे पायाला आधार देणारा ऑर्थोपेडिक बूट घालून चालले. सातारा हुकलं.

कायरोप्रॅक्टिक म्हणजे सरसकट थोतांड, असं मी म्हणत नाही. कंबरदुखीत हाताने केलेल्या उपचाराचा काहींना उपयोग होतो. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणारी ब्रिटनची ‘नाइस’ ही संस्था तो सुचवते, पण व्यायामाच्या जोडीनेच, एकटा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2005 च्या मार्गदर्शनात पूर्ण कायरोप्रॅक्टर व्हायला किमान 4,200 तासांचं शिक्षण सांगितलंय, त्यातले 1,000 तास देखरेखीखाली रुग्ण तपासण्याचे. आमच्या ‘डॉ.’च्या केबिनमधलं सर्टिफिकेट मी नंतर फोटोत मोठं करून वाचलं. चार दिवसांची कार्यशाळा. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची राज्य परिषदेकडे नोंदणी असते, नंबर मागता येतो. कायरोप्रॅक्टरसाठी आपल्याकडे अशी वेगळी परिषद नाही, त्यामुळे नंबर मागितला की समोरचा फक्त हसतो. मला तसंच हसून दाखवलं.

पैसे परत मागायला गेले तेव्हाचा हिशेब ऐका. माझ्या मते 11 सिटिंग, 1,500 च्या दराने 16,500, म्हणजे 19,500 परत. त्यांच्या मते सवलत रद्द, म्हणून 2,000 च्या दराने 22,000, वर ‘असेसमेंट’चे 4,500. उरले 9,500, आणि तेही रोख नाहीत, क्रेडिट. “घरातलं कुणीही वापरू शकतं, मॅडम.” म्हणजे आता सासूबाईंची मान.

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. क्लिनिकने उत्तरात पावतीच पुढे केली: मेंबरशिप, नॉन-रिफंडेबल. मग नोव्हेंबरमध्ये जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज दिला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षांची. पावती, कर्जाचा मेसेज, एमआरआयचा रिपोर्ट आणि ‘बिनधास्त पळा’ असं लिहिलेला त्यांचा व्हॉट्सॲप मेसेज, एवढं जोडलंय. तो मेसेज मी पुसला नव्हता, हे नशीब.

तारीख अजून लागलेली नाही. दर महिन्याच्या 5 तारखेला खात्यातून 4,000 जातात. तीन हप्ते बाकी आहेत.