गाव-आरोग्य आराखड्याची दोन दिवसांची कार्यशाळा: पहिला दिवस सोन्याचा, दुसरा अर्धाच

गोव्यातल्या ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण समित्यांसाठी घेतल्या जाणाऱ्या या कार्यशाळेत काय मिळतं, तर दोन कागद. एकावर दहा वर्षांनंतरचं आपलं निरोगी गाव कसं असेल याचं एक वाक्य, दुसऱ्यावर तिथवर पोचताना पाळायची पाच-सहा मूल्यं. एवढ्यासाठी दोन दिवस द्यावेत का? द्यावेत, पण दुसऱ्या दिवसाचं वेळापत्रक आधी बदलून घ्यावं.

साचा अमेरिकी आहे. तिथल्या काउंटी आणि शहर आरोग्य अधिकाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने सीडीसी या तिथल्या केंद्रीय रोगनियंत्रण संस्थेच्या जोडीने २००१ मध्ये ‘मॅप’ ही सहा टप्प्यांची नियोजनपद्धत आणली. माणसं जमवणं पहिलं, सामायिक स्वप्न आणि मूल्यं दुसरं, आकडेवारी त्यानंतर. हा क्रम इथे सांभाळलाय, ही मोठी जमेची बाजू. प्राथमिक आरोग्य केंद्राचा आकड्यांचा तक्ता आधी भिंतीवर लागला की चर्चा डेंग्यूचे रुग्ण आणि डॉक्टरांच्या वेळा यांच्यापुढे सरकत नाही. नळाचं पाणी, वाटेवरचा अंधार, शाळेजवळचा गुटखा, मुलं परदेशी गेल्यावर एकटे उरलेले म्हातारे, हीसुद्धा आरोग्याचीच कामं आहेत हे मग सुचतच नाही.

पहिला दिवस चोख. पंचवीस-तीस माणसं, प्रश्न एकच: ‘दहा वर्षांनी सकाळी वाड्यातून, म्हणजे आपल्या वस्तीतून, एक फेरी मारली, तर काय दिसलं पाहिजे?’ पहिली दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही, प्रत्येकाने एकट्याने पाच गोष्टी लिहायच्या. ही शांतता काटेकोर पाळतात, आणि पाळलीच पाहिजे. नाहीतर पंचायतीचे पंच बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात. मग गटात बसून आठ-दहा कार्डं निवडायची. एका कार्डावर एकच मुद्दा, चार ते सात शब्द, जाड मार्करने. कोंकणी, मराठी, रोमी (रोमन लिपीतली कोंकणी), काहीही चालतं. लिहिता न येणाऱ्याचं अंगणवाडी सेविका लिहून घेते, त्याच्याच शब्दांत.

कार्डांचे सहा-सात गठ्ठे झाले की त्यांना नावं द्यायची, आणि घोटाळा होतो तो इथेच. ‘बीपीची गोळी संपली की अर्धा दिवस जातो’, ‘म्हाताऱ्यांना बस चढवत नाही’, ‘साखर तपासणी वाड्यावर व्हावी’ ही तीन कार्डं एकत्र आली आणि वर ‘आरोग्य सुविधा’ असं नाव पडलं, की ती मेली. त्या नावाखाली जगातलं काहीही मावतं. ‘औषध आणि तपासणी चालत जाण्याच्या अंतरावर’ म्हटलं की काम समोर दिसतं. साहाय्यक इथे घाई करत नाहीत, दर गठ्ठ्याला पंधरा मिनिटं देतात. पैसे वसूल होतात ते या दीड-पावणेदोन तासांत.

दुसऱ्या दिवशी वाक्य तयार करायचं. सगळ्यांनी मिळून लिहायला घेतलं तर ‘सर्वांगीण’, ‘शाश्वत’, ‘सक्षम’ असे पाहुणे येऊन बसतात. दोघांनी लिहावं, बाकीच्यांनी खोडावं, पंचवीस शब्दांच्या आत. कसोटी सोपी: मासळी विकणारी बाई ते वाक्य दुसऱ्या दिवशी कागदाशिवाय सांगू शकते का?

मूल्यांपाशी मात्र कार्यशाळा घसरते. ‘समानता, पारदर्शकता, सहभाग’ अशी छापील यादी पुढे येते आणि ठिपके चिकटवून मतं घेतली जातात. ज्याला कुणीच नाही म्हणत नाही, ते मूल्य भांडणाच्या वेळी उपयोगाला येत नाही. खरा सराव आयोजकांकडे आहे: समितीचा वर्षाचा अनटाइड फंड, म्हणजे कशावर खर्चायचा ते समितीनेच ठरवायचा निधी, १०,००० रुपये धरा. गटाराची साफसफाई, मजुरांच्या खोल्यांजवळची पाण्याची साठवण झाकणं, की उपकेंद्रात बसायला बाक? निवडा, आणि का ते सांगा. तो ‘का’ म्हणजेच मूल्य. परप्रांतीय मजूर इथल्या मतदारयादीत नाही म्हणून ग्रामसभेत नाही, पण डास यादी बघून चावत नाही. ‘मतदार असो वा नसो, गावात राहतो तो गावाचा’ हे वाक्य अशा वादातूनच निघतं. एवढ्या मोलाच्या सरावाला जेवणानंतरची चाळीस मिनिटं! दोन तास मागून घ्या, ठिपके सोडून द्या.

सोबतची पुस्तिका गोव्यासाठी लिहिलेली नाही. पाठपुरावा आशा कार्यकर्तीने करावा असं तीत पानोपानी आहे. गोव्यात आशा योजनाच नाही. मग ओझं आपसूक एएनएम (उपकेंद्रातली परिचारिका) किंवा अंगणवाडी सेविकेवर पडतं, आणि तीन महिन्यांत आराखडा कपाटात जातो. पुढच्या सहा बैठका कोण बोलावणार आणि वाक्य ग्रामसभेत ठरावासाठी कोण मांडणार, हे उठण्याआधी इतिवृत्तात लिहून घ्या. पंचायतीच्या विकास आराखड्यातल्या ‘निरोगी गाव’ या संकल्पनेला ते जोडलं, तर निधीची वाट निघते.

तारीख घेताना सत्तरी तालुक्यातल्या गावांनी फेब्रुवारी ते मे टाळावा. काजूच्या हंगामात माणसं बागायतीत असतात, आणि २०१५ पासून तिथे माकडतापाचा (जंगलातल्या गोचिडांमुळे होणारा ताप) धोका नेमका त्यांनाच. त्यांच्याविना झालेला आराखडा काय कामाचा? चतुर्थीच्या आधीचे पंधरा दिवसही नकोत. आणि पावसाळ्यात घेणार असाल तर सुतळी आणि कपड्यांचे चिमटे आपले न्या. आयोजकांची चिकटपट्टी चुन्याच्या ओल्या भिंतीवर दहा मिनिटंही टिकत नाही.